जुन्या पक्षिचित्रांची पारख: समास कापण्यापूर्वी

जुने पक्षिचित्र हाती लागले की पहिला प्रश्न किमतीचा असतो. अमळनेर, शिरपूर, भुसावळ, कोठूनही कोणी मोबाइलवर फोटो पाठवतो आणि खाली एवढेच विचारतो, "भाऊ, हाई कितलाले जाई?" प्रश्न रास्त आहे, घरात वारशाने आलेल्या वस्तूचे मोल कळावे असे कोणालाही वाटणारच. परंतु किंमत सांगण्याआधी ते चित्र कसे छापले आहे, कोणत्या ग्रंथातून निघाले आहे आणि या दोन्हींचा पुरावा कागदावर अजून शिल्लक आहे का, हे पाहावे लागते. हा पुरावा बहुधा पक्ष्याच्या चित्रात नसतो. तो भोवतीच्या कोऱ्या समासात, तळाच्या बारीक ओळीत आणि कागदाच्या पाठीवर असतो, आणि आपल्याकडे चौकट बसवताना नेमका तोच भाग कापला जातो. तो भाग वाचावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

अशी चित्रे खानदेशात आली कशी, याचे उत्तर अवघड नाही. भुसावळचे रेल्वे बंगले, कलेक्टर आणि वनाधिकाऱ्यांचे मुक्काम, शिकारीचा शौक असलेले इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या सहवासातले सधन सावकार यांच्याकडे पक्ष्यांचे सचित्र ग्रंथ असत. ते लोक गेले, बंगले रिकामे झाले, ग्रंथ वाचनालयांत, शाळांत किंवा माळ्यांवर जाऊन पडले आणि पुढे किलोच्या भावाने रद्दीत निघाले. रद्दीने याहून मोठी हानी केल्याचा दाखलाही याच क्षेत्रात आहे. भारतीय पक्ष्यांचा महान अभ्यासक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने अनेक वर्षे खपून जमवलेली हस्तलिखिते सिमल्याच्या त्याच्या घरातून एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली, आणि १८८५च्या सुमारास त्याने पक्षी-अभ्यासच सोडून दिला. काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला भरले. त्या काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा तो हाच ह्यूम.

पारख करण्यासाठी लागणारे मुख्य साधन जळगावकरांना परके नाही. सराफ बाजारात दागिन्याची घडण आणि हिऱ्यातला दोष पाहण्यासाठी वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे छोटे भिंग पुरेसे असते. चित्र स्वच्छ, कोरड्या पांढऱ्या कागदावर ठेवावे, खिडकीचा प्रकाश एका बाजूने येऊ द्यावा आणि भिंग डोळ्याला लावून पक्ष्याच्या डोळ्याजवळचा, चोचीजवळचा आणि मग एखाद्या सपाट रंगाचा भाग पाहावा. सर्वांत आधी ठिपके शोधावेत. निळे, लाल, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक अंतरावर, फुलासारखी वर्तुळे करून बसलेले दिसले, तर ते यंत्राने छापलेले ऑफसेट चित्र आहे. कागद कितीही पिवळा पडलेला असो आणि खाली १८३० लिहिलेले असो, ते चित्र विसाव्या शतकातले किंवा त्यानंतरचे आहे. नक्कल करणारा पक्ष्याबरोबर खालच्या ओळीचीही नक्कल करतो. त्यामुळे छापलेले साल हे चित्राच्या वयाचा पुरावा मानता येत नाही. अलीकडच्या इंकजेट प्रतींत वर्तुळे दिसत नाहीत, पण रंगाचा अतिशय बारीक फवारा कागदभर, रेषेच्या आत आणि बाहेरही, उडालेला दिसतो.

ठिपके नसतील, तर खरी पाहणी सुरू होते. अठराव्या शतकातील आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ पक्षिचित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली असत. पत्रा आणि ओला कागद दाबयंत्रातून एकत्र जात असल्यामुळे पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब कागदावर उमटतो. बोट फिरवले की तो जाणवतो आणि तिरप्या प्रकाशात दिसतो. रेषेवरची शाई किंचित उंच असते. मात्र समास कापला की हा दाब कापला जातो, आणि मग एक मोठा पुरावा कायमचा गेला असे समजावे. लाकडी ठशाची तऱ्हा निराळी. रेव्हरंड एफ. ओ. मॉरिस याच्या ब्रिटिश पक्ष्यांवरील ग्रंथमालेतील साडेतीनशेहून अधिक चित्रे यॉर्कशायरमधील ड्रिफील्ड येथे बेंजामिन फॉसेट याच्या छापखान्यात लाकडी ठशांवरून निघाली आणि हाताने रंगवली गेली. ती सुंदर आहेत, पण त्यांच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या आणि इतकी पाने सुटी करून विकली गेली, की एका पानाला थोड्याफार पौंडांपलीकडे भाव येत नाही. वय आणि किंमत यांचा संबंध किती सैल असतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

शिळाछाप मराठी वाचकाला नवी नाही. शिळाछाप पोथ्या आपल्या घराघरांत होत्या. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, शाई फिरवायची. तेलकट रेषेला शाई धरते, ओल्या दगडाला धरत नाही. सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेली ही पद्धत पक्ष्यांच्या पिसांसाठी जणू वरदान ठरली, कारण खडूची मऊ, दाणेदार छटा तांब्यावर कोरून साधणे फार कष्टाचे होते. इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याचे मोठे सचित्र ग्रंथ याच पद्धतीने निघाले. हिमालयातील पक्ष्यांवरचा त्याचा पहिला ग्रंथ १८३०च्या दशकाच्या आरंभी ८० चित्रांसह प्रसिद्ध झाला. त्या चित्रांचे दगडावरचे काम त्याची पत्नी एलिझाबेथ हिने केले होते, आणि माझ्या मते त्या ग्रंथाचे खरे श्रेय तिचे आहे. 'बर्ड्स ऑफ एशिया' हा ५३० चित्रांचा सात खंडांचा ग्रंथ १८५०पासून १८८३पर्यंत भागाभागाने निघत राहिला. १८८१ मध्ये गूल्ड वारल्यानंतर तो रिचर्ड बाउडलर शार्प याने पूर्ण केला.

या चित्रांत छपाई फक्त काळ्या रेषेची आणि छटेची असते. रंग प्रत्येक प्रतीवर हाताने भरलेला असतो, आणि गूल्डकडे त्यासाठी बेफील्डच्या रंगकाऱ्यांचा चमू होता. म्हणून भिंगाखाली रंग पाण्यासारखा पसरलेला, कुंचला उचलला तेथे कडेला साचलेला आणि एखाद्या ठिकाणी रेषेबाहेर केसभर गेलेला दिसतो. डोळ्यावर आणि गडद पिसांवर डिंकाच्या पाण्याचा हात दिलेला असतो. चित्र तिरपे धरले की तेवढाच भाग चमकतो. पांढऱ्या पिसांवर करडे-काळे डाग दिसले तर घाबरू नये. पांढऱ्या रंगातले शिसे हवेतील गंधकाच्या वायूने काळवंडते, आणि असा डाग जुन्या रंगकामाचीच साक्ष देतो. तो घरच्या घरी पुसायला मात्र अजिबात जाऊ नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगही दगडावरूनच छापले जाऊ लागले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि कागद प्रत्येक दगडावरून एकदा, अशी ही रंगीत शिळाछाप. रविवर्मा यांच्या छापखान्यातून १८९४पासून निघालेली देवदेवतांची चित्रे याच पद्धतीची असल्यामुळे आपल्या आजोबांच्या देवघरातील लक्ष्मी-सरस्वतीवर भिंग धरले, तरी या छपाईची ओळख पटते. खानदेशात खरोखर सापडण्याची शक्यता अधिक आहे ती याच प्रकारातील चित्रांची. ह्यूम आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ या काळात कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या शिकारी पक्ष्यांवरील तीन खंडांतली पाने, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातील स्टुअर्ट बेकरच्या बदकांवरील आणि शिकारी पक्ष्यांवरील लेखमालांसोबतची चित्रे, ही त्याची उदाहरणे होत.

माझ्याजवळ या वर्गातील, तणमोर या गवताळ माळावरच्या पक्ष्याचे एक पान आहे. नुसत्या डोळ्यांना नराची मान एकसारखी काळी दिसते. भिंगातून पाहिले की ती काळी राहत नाही; तपकिरी, करडे आणि निळसर असे अनियमित दाणे एकमेकांवर बसलेले दिसतात, काही दाट, काही विरळ, दोन दाणे कोठेही सारखे नाहीत. डोक्यामागून निघणारे तुऱ्याचे दोरे टोकाशी पानासारखे रुंद होतात, आणि त्या टोकांच्या कडेला तपकिरी रंग काळ्याच्या बाहेर केसभर डोकावतो, कारण दुसरा दगड कणभर सरकला होता. डोळ्यातला चमकणारा ठिपका हा रंग नसून तेवढा कोरा सोडलेला कागद आहे. पानाच्या डाव्या कडेला शिलाईची भोके आहेत. या भोकांमुळे हे पान ग्रंथातून निघाले आहे हे सिद्ध होते, आणि चौकटकाराने ती कड "खराब दिसते" म्हणून कापायला काढली होती, हे सांगताना आजही जिवाला लागते.

कागदाविषयी थोडक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा चांगला कागद चिंध्यांपासून केलेला असतो. तो लवचीक राहतो आणि प्रकाशासमोर धरल्यास कधी कधी जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसते. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे तपकिरी आणि ठिसूळ होतो. दुकानात नोटा तपासण्यासाठी असतो तो अतिनील दिवा अंधारात कागदावर धरला आणि कागद निळसर पांढरा उजळला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास वापरात आलेले उजळद्रव्य आहे, म्हणजे चित्र जुने नाही. ही तपासणी नकार देण्यासाठी उत्तम आहे. होकार देण्यासाठी ती एकटी पुरत नाही.

आता तळाची बारीक ओळ. डाव्या कोपऱ्यात बहुधा चित्रकाराचे नाव असते आणि त्यापुढे 'डेल.' म्हणजे रेखाटन याचे, 'लिथ.' म्हणजे दगडावरचे काम याचे. उजव्या कोपऱ्यात मुद्रकाच्या नावापुढे 'इम्प.' असते. गूल्डच्या पानांवर 'जे. गूल्ड अँड एच. सी. रिक्टर' किंवा 'डब्ल्यू. हार्ट' अशी नावे आणि मुद्रक म्हणून 'हलमँडेल अँड वॉल्टन' किंवा 'वॉल्टर' ही नावे आढळतात. मुद्रकाचे नाव बदलले की काळ बदलतो, आणि कित्येकदा एकाच ग्रंथाच्या आधीच्या व नंतरच्या प्रती यावरूनच ओळखता येतात. ही ओळ मिलिमीटरभर उंचीची असते. चौकटीच्या पुठ्ठ्याखाली ती झाकली गेली तर काही बिघडत नाही, पण कात्रीखाली गेली तर चित्राची ओळखच जाते.

एकच चित्र आणि चार किमती, याचा सर्वांत बोलका दाखला अमेरिकन पक्षिचित्रकार जॉन जेम्स ऑडुबॉनचा. त्याच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका'ची ४३५ चित्रे १८२७ ते १८३८ या काळात प्रामुख्याने लंडनला रॉबर्ट हॅवेल याने तांब्यावर कोरून छापली. कागद सुमारे एक मीटर उंच, आणि त्यावर 'जे. व्हॉटमन' हे जलचिन्ह सालासह. हा संपूर्ण ग्रंथ डिसेंबर २०१० मध्ये लंडनच्या लिलावात ७३ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. त्यानंतर १८४० ते १८४४ मध्ये फिलाडेल्फियाच्या बोवेनने हातात मावेल अशा आकारात ५०० चित्रांची हाताने रंगवलेली शिळाछाप आवृत्ती काढली. १८५८ ते १८६० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियस बिएनने मूळ मोठ्या आकारात रंगीत शिळाछाप सुरू केली, पण ती अर्धवट राहिली. १९७१-७२ मध्ये ॲमस्टरडॅमला २५० प्रतींची मोठ्या आकाराची ऑफसेट आवृत्ती निघाली. त्याखेरीज कॅलेंडरे आणि भित्तिपत्रके तर असंख्य. पक्षी तोच, त्याची मान तशीच वळलेली. परंतु हॅवेलच्या मूळ पानाला हजारो डॉलर आणि लोकप्रिय पक्ष्याला लाखाच्या वरही भाव येतो, तर कॅलेंडरच्या पानाला चौकटीच्या लाकडापेक्षा अधिक काही येत नाही. कागदाचा आकार सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवणे का आवश्यक असते, ते यावरून कळावे. पुष्कळ वेळा नुसत्या मोजमापानेच चारांपैकी तीन शक्यता बाद होतात.

पद्धत आणि आवृत्ती ठरल्यावर किंमत ठरवणाऱ्या गोष्टींत पक्ष्याची लोकप्रियता येते. घुबड, पोपट, मोर, रोहित (फ्लेमिंगो) यांना भिंतीवर लावण्यासाठी गिऱ्हाईक असते. चंडोल, वटवट्या यांची चित्रे कितीही कसबाने काढलेली असली तरी मागे पडतात, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण पिवळ्या गवताच्या रंगात मिसळलेला चंडोल दगडावर उतरवणे मोर उतरवण्यापेक्षा कठीण आहे. गूल्डचे एखादे चांगले पान लिलावात शेकडो पौंडांपासून काही हजारांपर्यंत जाते. हा फरक पक्ष्यामुळे आणि अवस्थेमुळे पडतो. अवस्था म्हणजे समास पूर्ण आहे का, कसरीने रंग कुरतडला आहे का, तपकिरी ठिपके पडले आहेत का, आणि रंग मूळचा आहे की नंतर भरलेला. काळ्या रेषेच्या जुन्या पानावर विकण्यासाठी नव्याने रंग भरण्याची युक्ती जुनीच आहे. असा रंग डागांच्या वरून गेलेला दिसतो, तर मूळचा रंग डागांच्या खाली असतो.

इंटरनेटवर विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. कोणीही काहीही मागू शकतो. त्याच ग्रंथाचे, त्याच आवृत्तीचे, तेच पान प्रत्यक्ष लिलावात कितीला गेले, एवढेच पाहावे, आणि त्या आकड्यात लिलावगृहाचे शुल्क धरलेले असते हे लक्षात ठेवावे. विकणाऱ्याच्या हाती त्याहून बरेच कमी पडते. विम्यासाठीची किंमत अधिक असते, कारण तेथे तशीच वस्तू दुकानातून पुन्हा विकत घ्यायचा खर्च धरायचा असतो.

लेखी पुराव्याचे महत्त्व खानदेशाइतके दुसऱ्या कोणाला कळायला नको, कारण आपल्या रानपिंगळ्याची कथा सगळी त्यावरच उभी आहे. ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेल्या या छोट्या घुबडाचे नमुने, म्हणजे भरून जपलेले पक्षी, १८८०च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने आपल्या पश्चिम खानदेशात, तळोदा-शहादा भागात गोळा केले होते. पुढे पक्षी दिसेनासा झाला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाने आपल्याकडील एक नमुना १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीजवळ मिळाल्याचे सांगितले, आणि शोध घेणारे तिकडे भरकटले. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासून दाखवून दिले की तो लंडनच्या संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचा नमुना आहे; आत नव्याने भरलेला आणि कोठे मिळाला हे सांगणारी खोटी चिठ्ठी लावलेला. ती चिठ्ठी बाजूला सारून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागी शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी जिवंत सापडला. चिठ्ठी खोटी असली की शास्त्राचीही दिशाभूल होते आणि खरी चिठ्ठी जपली की शंभर वर्षांनी पक्षी सापडतो. चित्राच्या मागे शाईने लिहिलेले जुने मालकाचे नाव, भुसावळच्या एखाद्या क्लबाचा शिक्का, चौकटकाराचा कागद, यांकडेही याच नजरेने पाहावे आणि चौकट बदलली तरी ते तुकडे पाकिटात घालून चित्रासोबत ठेवावेत.

संपूर्ण ग्रंथ हाती आला, तर त्यातली चित्रे सुटी करू नयेत, हे माझे ठाम मत आहे. सुट्या पानांची बेरीज कधी कधी ग्रंथापेक्षा जास्त भरते हे खरे आहे, आणि व्यापारी तेच सांगतो. पण मजकुरापासून तुटलेले पान पुन्हा जोडता येत नाही आणि पूर्ण ग्रंथ दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत.

जपणुकीत आपल्या हवेचा विचार करावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून आपण खोलीत कूलर लावतो. दिवसभर ओली हवा आणि रात्री पुन्हा कोरडी उष्णता, या चढउताराने कागद फुगतो, आकसतो आणि बुरशीचे तपकिरी ठिपके धरतो. चित्र कूलरच्या खोलीत आणि पश्चिमेच्या भिंतीवर लावू नये. काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लमुक्त पुठ्ठ्याची कड असावी. लॅमिनेशन, सेलोटेप, इस्त्री आणि ओले फडके ही चार कामे कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. फाटलेल्या मौल्यवान पानासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राकडे विचारणा करावी.

विकायचे असल्यास देशातच विकावे. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. वस्तू पुरावस्तू नाही असे पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे प्रमाणपत्र असेल तरच ती बाहेर जाऊ शकते. म्हणून लंडनच्या लिलावातला आकडा जळगावच्या चित्राला जसाच्या तसा लावू नये.

मत विचारण्यासाठी फोटो पाठवायचा असेल, तर पूर्ण कागदाचा समासासह एक, तळाच्या दोन्ही कोपऱ्यांचे जवळून, पाठीमागचा एक, प्रकाशासमोर धरलेला एक, आणि भिंगातून पक्ष्याच्या डोळ्याचा एक, असे फोटो काढावेत आणि कागदाची लांबी-रुंदी सोबत लिहावी. त्याआधी 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर पाहावे. यातील बरेच जुने ग्रंथ तेथे पानोपान आणि विनामूल्य पाहायला मिळतात. आपले पान त्यांतल्या पानाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहता येते.